बरणीत घालून दिलेला दगड

आजार मला आधी दिसला होता. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहून काढतोय. त्याच्याखाली सबब जोडायची नाही असं ठरवलंय, बघू किती जमतंय.

मी नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. पंचविसेक वर्षं झाली. रक्त, लघवी, थुंकी काचपट्टीवर घ्यायची, सूक्ष्मदर्शकात बघायची आणि दिसेल ते लिहायचं. आमच्या कामात एक सोय असते. पेशंटला काय सांगायचं, कसं सांगायचं, ते डॉक्टर बघतात. आपण कागदावर लिहून मोकळं व्हायचं. त्यामुळे असेल किंवा मुळातलंच असेल, तोंडानं कुणाला काही सांगायची मला सवय नाही. लग्न झालं होतं, ते चार वर्षं टिकलं. तो विषय इथं नको.

खाऱ्या पाण्यातले मासे माझ्याकडे आले ते मी काही हौसेनं आणले म्हणून नाही. लॅबच्या वरच्या मजल्यावर लहान मुलांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांनी पोरं रडू नयेत म्हणून चार फुटी काचेची टाकी बसवली. वर्षभरात कंटाळले आणि म्हणाले, "घेऊन जा बाबा, नाहीतर गच्चीवर टाकतो." मी टेम्पोतून घरी आणली. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, ऑफिसच्या सहलीत, अर्धा दिवस. आता तो माझ्या पुढच्या खोलीत होता. त्याला साधं मीठ चालत नाही, पुण्याहून कुरिअरनं बादली येते. पाणीही बोअरचं चालत नाही, फिल्टरचे जार लागतात. मीठ कालवायचं, एक थेंब काचेवर टाकून खारटपणा मोजायचा. रोज संध्याकाळी घरी गेल्यावर मला करायला काहीतरी होतं, एवढं खरं.

माझी मोठी बहीण लातूरला दिलेली. आम्ही तिला अक्का म्हणायचो. दाजी तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचे. मूलबाळ नव्हतं. दाजी रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी अक्का तापानं गेली. दोन दिवस घरीच गोळ्या दिल्या, "बघू, उद्या बघू" म्हणत तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला होता. दाजींना कुणी काही बोललं नाही. कुणी बोलायची गरजच नव्हती.

वर्षश्राद्धानंतर ते दोन दिवस माझ्याकडे नांदेडला येऊन राहिले. पहिला दिवस सगळा टाकीसमोर खुर्ची टाकून बसून होते. मी जेवायला हाक मारली तर म्हणाले, "हे खातेत काय रे?" वर्षभरात त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

म्हणून मी त्यांना लातूरला एक लहान टाकी लावून दिली. नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊन माशांची जोडी आणि दगडावरचं एक लहान हिरवं प्रवाळ आणलं. दाजी मास्तर माणूस, वही घेऊन बसले. मी सांगेन ते मुद्दे घालून लिहिलं. सगळ्यात वर मी लिहायला लावलं की नवा मासा आला तर सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा, थेट सोडायचा नाही.

"सहा आठवडे?" दाजी हसले. "अरे, सुतक तेरा दिवसांचं असतंय. बाळंतिणीलाबी सव्वा महिना. तुझ्या माशाला दीड?"

"माशाच्या अंगात काय असतं ते दिसत नाही दाजी."

"तुला दिसतंय की. तुझ्याकडं यंत्र हाय." आणि त्यांनी वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

मग रोज संध्याकाळी माशांना खाऊ घालून झाला की फोन यायचा. तीस वर्षांच्या नात्यात आमचं बोलणं कोणती एसटी किती वाजता सुटते यापलीकडे कधी गेलं नव्हतं. आता दाजी सांगायचे, आज लाईट दोन तास नव्हती, बॅटरीचा पंप लावला. आज नारंगीनं पांढरीला कोपऱ्यात दाबली. दोघंही नारंगी-पांढरेच होते, पण त्यांच्या लेखी मोठा नारंगी आणि धाकटी पांढरी. अक्काचं नाव आम्ही कधी काढलं नाही. पण ती फोनवर असायचीच.

त्यानंतर वर्षभरानं मी तो निळा मासा आणला. टँग म्हणतात त्याला, हैदराबादच्या दुकानदारानं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पिशवीत हवा भरून पाठवला. मी सकाळी तो उतरवून घेतला आणि घरी येऊन थेट मोठ्या टाकीत सोडला. वेगळी टाकी रिकामी होती, धुऊन ठेवलेली होती. मग का? मी पुष्कळदा विचार केलाय. मला त्या दिवशी समोरच्या खोलीत नवं काहीतरी हलताना बघायचं होतं. सहा आठवडे मागच्या खोलीत, उघड्या प्लॅस्टिकच्या टाकीत ठेवलेला मासा बघायचा नव्हता. एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं नाही.

नवव्या दिवशी निळ्याच्या परांवर पांढरे दाणे दिसले. बारीक मीठ भुरभुरल्यासारखे. त्यानंतर चौथ्या दिवशी ते नाहीसे झाले. इथंच माणूस फसतो. त्याला वाटतं, बरा झाला. खरं म्हणजे तो किडा माशाच्या कातडीखाली पोसून, पोट भरून खाली पडलेला असतो. दगडाला, वाळूला, काचेला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, ते सगळे मासा शोधत बाहेर निघतात.

दाणे परत आले आणि आठवड्याभरात निळा मेला. त्याच्या कल्ल्याचा एक तुकडा मी खाऱ्या पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर घेतला आणि लॅबमध्ये दुपारच्या सुट्टीत बघितला. गोल जीव, कडेनं केसांची झालर, स्वतःभोवती संथ फिरत होता. शंकाच नव्हती. इतकी वर्षं मी माणसांमधले परजीवी बघत आलोय, बघितलं की लिहून मोकळा होतो. हा कुणाच्या नावानं लिहायचा, कागदच नव्हता.

उरलेले चार मासे मी वेगळ्या टाकीत काढले, तांब्याचं औषध सुरू केलं. ते औषध मोठ्या टाकीत घालता येत नाही, तिथले प्रवाळ मरतात, गोगलगायी मरतात. म्हणून मोठी टाकी माशांवाचून रिकामी ठेवायची. मासा मिळाला नाही की ते किडे उपाशी मरतात, पण सगळे मरायला अकरा आठवडे लागतात. चारातले दोन मासे गेले, दोन तगले.

हे सगळं चालू असताना रोज दाजींचा फोन येत होता. "तुझा निळा काय म्हणतो?"

"मजेत आहे," मी म्हणायचो.

ज्यांच्याकडून मी सहा आठवड्यांची ती ओळ वहीत लिहून घेतली, त्यांना मी काय सांगणार होतो?

चौथ्या आठवड्यात एका रविवारी दाजी न सांगता आले. पहाटेची अहमदपूरवरून येणारी गाडी धरली होती. एका हातात स्टीलचा डबा, त्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्या हातात जुन्या लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी, टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेली. बरणीत पाणी होतं आणि तळाशी बोटभर दगडावर हिरवं प्रवाळ, नुकतं फुटलेल्या कोंबासारखं.

"माझ्या टाकीत पिकलंय," दाजी म्हणाले. "एकाचे तीन झाले. पिकलं म्हणायचं का उगवलं, ते तू बघ. पण पहिलं पीक हाय, ते तुला आणलं."

मग टाकीकडे बघून थांबले. "मासे कुठंयत रे?"

"सफाई काढलीय. मागच्या खोलीत ठेवलेत."

"बघू की."

"अंधारात ठेवलेत. माणूस बघितलं की बिचकतेत."

"डॉक्टर म्हणतो तर तसंच असंल," म्हणून ते खुर्चीत बसले. मला ते डॉक्टर म्हणायचे, अर्धं चेष्टेनं, अर्धं खरं. त्या दिवशी रिकाम्या टाकीसमोर दोन तास बसले. गोगलगाय काचेवरून चढताना बघून म्हणाले, "ही बघ, शेवटची बस चुकलेली."

ते जायला निघाले तेव्हाची गोष्ट सांगायला मला एवढं लिहावं लागलं.

आमच्या घरात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जात नसे. आईचा नियम होता. शेजारून वाटीभर आमटी आली तर त्या वाटीत साखर, गूळ, मूठभर शेंगा, काही ना काही घालूनच वाटी परत जायची. ती पोचवायचं काम अक्काचं असायचं. काही नसलंच तर ती परसातलं जास्वंदीचं फूल ठेवायची, पण रिकामी वाटी हातात धरून दारात उभी राहायची नाही. लग्नानंतर दाजींच्या घरातही तिनं तोच नियम लावला.

डब्यात मी साखर घातली. अर्धापूरची केळी पिशवीत दिली. पण ओट्यावर ती बरणी उपडी घातलेली होती, धुतलेली. दाजींची नजर एकदा तिच्याकडे गेली आणि ते दुसरीकडे बघायला लागले. मागून घेणारा माणूस नव्हे. मी तिच्यातही साखर घालू शकलो असतो. हसले असते आणि नेली असती. पण त्यांनी त्यात जिवंत काहीतरी आणलं होतं आणि मला त्या जागी साखर घालायची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, की आता विचारतील, एवढी मोठी टाकी, दगड एवढे, आणि एक द्यायला नाही?

मी बाही वर केली, टाकीत हात घातला आणि एक गुलाबी दगड काढला. त्याच्यावर पिवळ्या-तपकिरी प्रवाळाचे पाच-सहा गेंद होते, पाण्यात मुठी उघडल्या-मिटल्यासारखे हलायचे. टाकी रिकामी करून चोवीस दिवस झाले होते. अकरा आठवडे मला पाठ होते. एवढ्याशा दगडावर नसेलही, असं मी मनात म्हणालो. लॅबमध्ये असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला कामावरून काढायला सांगितलं असतं.

बरणीत टाकीतलंच पाणी भरलं. दाजींनी ती टॉवेलात गुंडाळली.

"माझी ओटीच भरून राह्यलास की रे," ते म्हणाले. खूश होते. रिक्षात बसतानाही बरणी मांडीवर उभी धरून होते.

बाराव्या दिवशी फोन आला. "ऐक, नारंगीच्या अंगावर मीठ सांडल्यावानी दिसून राह्यलंय. चष्म्याचा दोष हाय का खरं हाय?"

मला त्या क्षणी म्हणता आलं असतं, दोघांनाही आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, मी औषध घेऊन निघतो. तसं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. आजार आला कुठून? त्यांच्या टाकीत वर्षभर एकही नवा मासा गेला नव्हता. नवं गेलं होतं ते एकच.

"थोडं पाणी बदलून बघा," मी म्हणालो.

चार दिवसांनी पुन्हा फोन. आवाज पोरासारखा उडत होता. "गेले की रे ठिपके! पाणी बदललं अन् साफ झाले. कामून घाबरलो होतो मी एवढा?"

"बरं झालं," मी म्हणालो.

दगड देताना मी घाबरलो होतो, असं म्हणून स्वतःला थोडी सवलत देता येते. या दोन शब्दांना देता येत नाही. ठिपके गेले म्हणजे काय, हे मला माहीत होतं. ते खाली पडून शेकड्यानं वाढत होते आणि मी दाजींना निवांत झोपू दिलं.

पुढच्याच आठवड्यात ठिपके दोघांच्या अंगभर आले. मग मात्र मी रजा टाकून औषध आणि हीटर पिशवीत घालून लातूरला गेलो. दोन्ही मासे पंपाच्या तोंडाशी, जिथं हवा जास्त असते तिथं लोंबकळत होते. कल्ले भराभर हलत होते. बादलीत औषध कालवलं, त्यांना त्यात घेतलं. धाकटी त्याच संध्याकाळी गेली. मोठा दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीच्या तळाशी आडवा होता.

दाजींनी दोघांना कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. हात धुऊन आले, माझ्यासाठी चहा केला आणि समोर बसले.

"माझीच चूक," म्हणाले. "मागच्या महिन्यात जारवाला दोन दिवस आला न्हाई. नळाला तर दहा दिवसांनी पाणी. म्हणून मी टँकरचं टाकलं. दोनच मग भरून. तुला सांगितलं न्हाई, तू रागावशील म्हणून. त्यानंच झालं आसंल ना?"

दोन मग टँकरच्या पाण्यानं हा आजार होत नाही. कशानंही होत नाही, तो आणावा लागतो.

"असू शकतं," मी म्हणालो.

दाजींनी मान हलवली. "तिच्या टायमालाबी मी हेच केलं. बघू, उद्या बघू. माझ्या हाताला जगवणं न्हाई रे."

मी चहा पिऊन टाकला. कप विसळून ठेवला. दुपारच्या गाडीनं परत आलो.

त्यानंतर संध्याकाळचा फोन बंद झाला. त्यांनी करायचा तर विषय उरला नव्हता आणि मी करायचा तर बोलायला तोंड नव्हतं. माझे अकरा आठवडे संपले, तगलेले दोन मासे मी मोठ्या टाकीत सोडले. चांगले खाऊ लागले, रंग परत आला. त्यांच्यासमोर जेवायला बसायचं मी टाळायला लागलो. स्वयंपाकघरात उभ्यानं जेवायचो. दिवाळीला दाजींना मेसेज टाकला, त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. असे नऊ महिने गेले.

मग एक दिवस लॅबमध्ये एका बाईच्या रक्तात मलेरिया सापडला. कागद घ्यायला तिचा नवरा आला, धर्माबादकडचा. खिडकीत उभा राहून कागद उलटसुलट करत होता. "साहेब, दोन दिवस आधी आणायला पायजे होतं का हो? घरीच बसलो मी." मी अशा वेळी डॉक्टरांकडे बोट दाखवतो. त्या दिवशी तसं केलं नाही. काचपट्टीवर किडे फारच थोडे होते, मी स्वतः मोजले होते. म्हणालो, "वेळेत आणलंत. आता औषध चुकवू नका." त्याचे खांदे खाली आले. डोळ्यांना पालथा हात लावला आणि गेला. एका वाक्याचं काम होतं. मी दुसऱ्या एका माणसाला ते वाक्य नऊ महिने दिलं नव्हतं.

त्याच रविवारी मी लातूरला गेलो.

दाजींच्या पुढच्या खोलीत टाकी होती तिथंच होती, कोरडी. आत जुने पेपर रचून ठेवले होते. दाजी वाळले होते. "ये डॉक्टर. आज कसं काय वाट चुकलास?" म्हणाले आणि उठायला लागले.

"चहा नको दाजी. बसा. मला सांगायचंय."

मी लॅबच्या कागदावर लिहितो तसं क्रमानं सांगितलं. निळा मासा थेट सोडला. काचपट्टीवर काय दिसलं. मासे बिचकतात म्हणालो ते खोटं होतं. दगड दिला तेव्हा चोवीस दिवस झाले होते, सत्त्याहत्तर लागतात. ठिपके गेले म्हणून तुम्ही फोन केलात तेव्हा ते परत येणार, हे मला माहीत होतं.

ते मांडीवरच्या पेपरची घडी घालत होते. घडीवर घडी, तळहाताएवढी होईपर्यंत.

"मी खुशीत फोन केला होता तवा? तवाबी ठावं होतं तुला?"

"हो."

"आन् टँकरचं पाणी?"

"त्याचा काही संबंध नव्हता. तुमच्या हातून काहीच झालं नव्हतं. माशांच्या बाबतीत," मी म्हणालो. अक्काच्या बाबतीत मी काही म्हणू शकत नव्हतो, ते मी बघितलेलं नव्हतं.

त्यांनी ती घडी खुर्चीच्या हातावर ठेवली. बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं.

"तुझी बहीण असती तर झाडूनं हाणलं असतं तुला," दाजी म्हणाले.

"हाव."

"हाणलं असतं अन् मग ताट वाढलं असतं. मला दोन्हीबी जमायचं न्हाई."

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारणीचा आवाज आला. "सर, घालू का झाडांना पाणी? आलेय मी."

मला समजलं नाही. दाजींनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "मी हात लावत न्हाई झाडांना. मासे गेले तवापासून. त्याच घालतेत."

ते उठले. दारापर्यंत गेले, चौकटीला धरून उभे राहिले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. आज मी घालतो."

ड्रममधून अर्धी बादली काढली. प्लॅस्टिकचा मग बुडवून एकेका कुंडीत पाणी घालायला लागले, सावकाश, माती पिईपर्यंत थांबून. तुळस झाली, सदाफुली झाली. कढीपत्त्याची एक फांदी वाळलेली होती. तिचं टोक मोडून आत हिरवं आहे का ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मी चपला घालून पायरीवर उभा होतो. त्यांना माहीत होतं.

"येतो दाजी," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवली नाही. पुन्हा मग बुडवला.

"दार लोटून घे," म्हणाले. "मांजर शिरतंय."

मी दार लोटून घेतलं.